डिझेल की पेट्रोल?

अमेरिकेत अवजड पिकअप ट्रक घेणाऱ्यापुढे ‘डिझेल की गॅस’ हा प्रश्न असतो. तेथील बोलीत ‘गॅस’ म्हणजे वायू नव्हे, पेट्रोल होय. पेट्रोल-इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल-इंजिनात हवा सुमारे सोळाव्या हिश्शाइतकी दाबली जाते व तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे डिझेल इंधन कमी खाते आणि मंद गतीतही मोठा जोर देते. २०२० साली फोर्डच्या अशा ट्रकांत ६.७ लिटर डिझेल-इंजिनाचा पीळ १,०५० पौंड-फूट होता, ७.३ लिटर पेट्रोल-इंजिनाचा ४७५.

परंतु हे सामर्थ्य फुकट मिळत नाही. डिझेल-इंजिनासाठी हजारो डॉलर अधिक मोजावे लागतात. शिवाय धूर शुद्ध करण्यासाठी त्याला काजळीची गाळणी व युरियाचे द्रावण लागते. नेहमी जवळच्याच फेऱ्या केल्या, तर गाळणी पुरेशी तापत नाही. काजळी न जळता साचत जाते.

म्हणून ज्याला वारंवार अवजड ओझे ओढीत रॉकी पर्वताचे चढ चढावयाचे आहेत, त्याने डिझेल अवश्य घ्यावे. इतरांनी पेट्रोलच पत्करावे, असे आमचे मत आहे. यंत्र कामासाठी निवडावे, डौलासाठी नव्हे.