वारसाचा नियम आणि परक्याचा निवाडा

कोणत्याही संस्थेच्या घटनेची खरी परीक्षा संस्थापक हयात असताना होत नाही, ती त्याची गादी रिकामी झाल्यावर होते. जोवर त्याच्या शब्दालाच कायद्याचे वजन असते, तोवर लिखित नियम दप्तरात निपचित पडून राहिले तरी कोणाचे काही अडत नाही; आणि ज्या दिवशी अडू लागते त्या दिवशी असे आढळते की, ते नियम कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने बदलले याविषयी घरातल्या दोन माणसांचेही एकमत नाही. शिवसेनेच्या फुटीचा खटला वृत्तपत्रांनी आमदारांची पळवापळव म्हणून रंगविला. वस्तुतः त्याच्या मुळाशी प्रमुखपदाचा वारसा आणि घटनादुरुस्तीची वैधता हे दोनच प्रश्न होते.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनेचे संस्थापक बाळासाहेब ठाकरे निवर्तले. पुढील जानेवारीत ‘शिवसेनाप्रमुख’ ही पदवी त्यांच्याच नावे कायमची राखून उद्धव ठाकरे यांना ‘पक्षप्रमुख’ करण्यात आले, आणि २०१८ साली त्यांची त्याच पदावर पुन्हा निवड झाल्याचे जाहीर झाले. हे सर्व सोहळ्यात, टाळ्यांच्या गजरात पार पडले. हरकतीचा शब्दही कोणी काढला नाही. परंतु जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी सवता सुभा मांडला, आणि मग निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात असे नमूद केले की, २०१८ ची दुरुस्त घटना आपल्या दप्तरी नाही, आणि १९९९ साली आयोगाच्या आग्रहाने जी अलोकशाही कलमे वगळण्यात आली होती ती तिच्यात मागल्या दाराने परत आली आहेत. तेव्हा घटनेची कसोटी बाजूला ठेवून आयोगाने आमदार-खासदारांची शिरगणती केली आणि पक्षाचे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाच्या पदरात टाकले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या दोन आवृत्त्या पुढे आल्यास फुटीपूर्वी आयोगाकडे दाखल झालेली आवृत्ती विधानसभाध्यक्षांनी प्रमाण मानावी. तदनुसार विधानसभाध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी १९९९ ची घटना ग्राह्य धरली आणि पक्षप्रमुखाची इच्छा म्हणजे पक्षाची इच्छा नव्हे, असा निर्वाळा दिला. दुरुस्त्या आयोगाला वेळीच कळविल्या होत्या, असे ठाकरे गटाचे म्हणणे आहे. ते खरे धरले तरी मुख्य दोष उरतोच: ज्या कागदावर लाखो माणसांच्या निष्ठेचा निवाडा व्हायचा, तो कागद कोणता, हेच सामान्य शिवसैनिकाला ठाऊक नव्हते.

आता याच शिवसैनिकाला खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाहावे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते, बर्फाच्या आणि डिझेलच्या हिशेबावर खडाजंगी होते, आणि पोटनियम दुरुस्तीचा विषय निघाला की एखादा जुना सभासद उठून ‘चेअरमनसाहेब, नोटिशीत हा विषय होता का?’ असे खडसावून विचारतो. त्याचे विचारणे रास्त असते. कारण १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमान्वये निबंधकाने नोंद करून घेतल्याशिवाय कोणतीही पोटनियम दुरुस्ती वैध ठरत नाही, तिला सभेतील दोन-तृतीयांश मते लागतात, आणि समितीची मुदत पाच वर्षांनी संपली की संपते. म्हणजे जो माणूस जाळी-होडीच्या कारभारात असा हक्काने जाब विचारू शकतो, तोच माणूस, ज्या पक्षासाठी त्याने उमेदीची वर्षे भिंती रंगविल्या, त्या पक्षाचा प्रमुख ठरताना केवळ श्रोता असतो. आणि पक्ष दुभंगल्यावर तो कोणाचा, हे ठरविताना त्याचे मत विचारात घेतले जात नाही, विचारात घेतले जाते ते त्याने निवडून दिलेल्या आमदाराचे.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. पॅलेस्टाइनच्या मूलभूत कायद्यात अध्यक्षपद रिक्त झाल्यास विधिमंडळाच्या सभापतीने साठ दिवस कारभार पाहावा आणि त्या अवधीत निवडणूक घ्यावी, अशी स्वच्छ तरतूद आहे. ११ नोव्हेंबर २००४ रोजी यासर अराफत वारले तेव्हा सभापती रौही फत्तूह यांनी तसा कारभार पाहिला आणि ९ जानेवारी २००५ रोजी महमूद अब्बास रीतसर निवडून आले. पुढे त्यांची चार वर्षांची मुदत उलटली, २०१८ च्या डिसेंबरात घटना न्यायालयाच्या निर्णयाने विधिमंडळच विसर्जित झाले, आणि कायदा दुरुस्त करण्यास ज्या विधिमंडळाची दोन-तृतीयांश संमती आवश्यक तेच अस्तित्वात नसल्याने वारसाचा नियम अध्यक्षांच्या फर्मानांनी बदलू लागला: २०२४ साली तो मान राष्ट्रीय परिषदेचे प्रमुख म्हणून पुन्हा फत्तूह यांना, तर २०२५ साली उपाध्यक्ष हुसेन अल-शेख यांना. जो नियम एका सहीने बदलतो तो दुसऱ्या सहीने फिरतो, आणि अशा वेळी अंतिम शब्द घरच्यांपेक्षा बाहेरच्या बलिष्ठांचाच ठरण्याचा धोका असतो. १८४८ साली साताऱ्याच्या महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक गव्हर्नर-जनरल डलहौसीने नामंजूर केला, त्यात अन्याय ईस्ट इंडिया कंपनीचा होता हे निःसंशय. तथापि वारसाचा प्रश्न अखेरच्या घटकेवर ठेवला की त्याचे उत्तर परका आपल्या सोयीने देतो, हा त्यातला धडा आपण पुरता घेतलेला नाही.

यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाच्या हाती पक्षांच्या घटना दिल्यास सरकारधार्जिणा आयोग विरोधकांचा गळा आवळील, अशी शंका घेतली जाईल, आणि ती निराधार नाही. सहकारातही प्रशासक नेमण्याच्या अधिकाराचा राजकारणासाठी वापर झालेला आपण पाहिला आहे. पण आज आयोगाच्या हाती आहे तो अधिकार याहून घातक आहे, कारण तो भांडण पेटल्यावर, चिन्हासकट सारे घर कोणाचे हे ठरविण्यापुरता जागा होतो. त्याऐवजी लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम २९-अ मध्ये इतकेच घालावे: पक्षघटनेची दुरुस्ती आयोगाकडे दाखल होऊन प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलात येणार नाही, दाखल झालेली दुरुस्ती नाकारण्याचा अधिकार आयोगास नसेल, प्रमुखपद रिक्त झाल्यास हंगामी प्रमुखाची मुदत घटनेतच लिहिलेली असेल, आणि सभासदांची यादी कोणाही सभासदाला पाहता येईल. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची शिफारस केली होती. त्यानंतर केंद्रात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, आणि या एका बाबतीत त्या सर्वांचे मौन एकसारखे राहिले. कारण उघड आहे: जो पक्ष हा कायदा करील त्याला तो प्रथम स्वतःला लावून घ्यावा लागेल. म्हणूनच ही मागणी नेत्यांकडून येण्याची वाट न पाहता सभासदांनी, आपापल्या शाखेत, आपल्या पक्षाच्या घटनेची प्रत लेखी मागून सुरू करावी.