दिसले ते

साहित्य हा माझा पोटापाण्याचा विषय. त्यामुळे शाळकरी मुलांच्या विज्ञानाच्या जर्नलमध्ये दुसऱ्याच ओळीवर हा शब्द भेटला, की परगावी आपल्या गावचे माणूस भेटावे तसा मला आनंद होतो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान! पाच अंकी नाटकच म्हणा ना! पण या नाटकात एक मोठी खोट आहे. पाचवा अंक सर्वांना आधीच पाठ असतो. अनुमान पुस्तकात छापलेले असते, आणि चौथा अंक, म्हणजे निरीक्षण, त्या अनुमानाला शोभेल असे मागाहून बेतले जाते. पुष्कळदा तर शेजारच्या वहीतून उतरवले जाते. मराठीच्या तीस निबंधांत एकच वाक्य आले तर आम्ही मास्तर मंडळी चौकशी बसवतो. तीस जर्नलांत एकच निरीक्षण आले, तर अक्षर वळणदार असल्याचा शेरा मिळतो.

या प्रांताशी माझा संबंध आला तो शुद्धलेखनाच्या वाटेने. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा आसपासच्या शाळांतील नववीच्या मुलांना खुली असते. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी त्यांच्यासाठी मराठीतून पत्रके तयार केली आणि ऱ्हस्वदीर्घ तपासायला माझ्याकडे पाठवली. विषय होता विकर, म्हणजे इंग्रजीतले एन्झाइम.

"हा शब्द मुलांना समजेल का हो?" मी विचारले.

"सर, इंग्रजी शब्द तरी कुठं समजतो? तो नुसता पाठ होतो," बाई म्हणाल्या.

मग मी त्या इंग्रजी शब्दाचे गोत्र शोधले. व्हिल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने 1877 च्या सुमारास तो ग्रीकवरून घडवला, आणि त्याचा अर्थ 'खमिरातले' एवढाच. इतक्या भारदस्त शब्दाचे मूळ पाव करणाऱ्याच्या परातीत! बारसे आपल्याकडे झाले असते, तर नाव विरजणावरून ठेवले गेले असते. विरजणातले जिवाणू आपल्या विकरांच्या बळावर दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, आणि त्या आम्लाने दह्याची कवडी पडते. विकराचे काम मला लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे वाटते. दोन पक्षांना जवळ आणायचे, जे एरवी वर्षानुवर्षे रखडले असते ते चुटकीसरशी घडवायचे, आणि स्वतः खर्ची न पडता पुढच्या स्थळाकडे वळायचे. मात्र हा मध्यस्थ फार खोडीचा. ज्याचे काम त्यानेच करायचे; पिष्टाचा विकर प्रथिनाला हात लावणार नाही. म्हणून तर कच्चे अननस जिलेटिनच्या जेलीत घातले तर जेली धरत नाही, आणि चायना ग्रासमध्ये घातले तर बिनतक्रार धरते. जिलेटिन हे प्रथिन, ते अननसातला विकर खाऊन टाकतो; चायना ग्रास प्रथिन नव्हे, तिथे त्याचे काही चालत नाही.

पत्रके तपासून झाली, तरी मला राहवेना. मी प्रयोगशाळेत जाऊन एका उंच स्टुलावर बसलो.

पहिला प्रयोग बटाट्याचा. दोन परीक्षानळ्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड. एकीत कच्च्या बटाट्याचा तुकडा टाकला, तो तिच्यातून असा फेस उसळला की पुढच्या रांगेतल्या मुली मागे सरकल्या. फेसात पेटत्या अगरबत्तीचा निखारा धरल्यावर तो एकदम उजळला, कारण त्या फुग्यांत ऑक्सिजन होता. दुसऱ्या नळीत उकडलेला बटाटा गेला आणि तळाशी जाऊन निमूट बसला. पेरॉक्साइड हे पेशींना विषच, आणि गंमत अशी, की ते पेशींत सतत तयारही होत असते. त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकायला कॅटलेज नावाचा विकर बसवलेला असतो, बटाट्यात तसा आपल्या यकृतातही. त्याचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. पण उकळले की संपले. विकर हे बहुधा प्रथिन. त्याची सारी कर्तबगारी त्याच्या घडीत. उष्णतेने घडी मोडली, की अंड्याच्या पांढऱ्यासारखी गत. एकदा शिजलेले अंडे गार केले म्हणून पुन्हा पातळ होत नाही.

दुसरा प्रयोग लाळेचा. शब्द उच्चारताच मुले खुदुखुदु हसू लागली. मराठीने या बिचारीला 'लाळघोटेपणा'पलीकडे काही मान दिलेला नाही. वास्तविक चकलीच्या वासाने आपल्या तोंडाला जे पाणी सुटते त्यात अमायलेज नावाचा विकर असतो आणि तो पिष्टाची साखर करू लागतो. मुलांनी चूळ भरून थोडी थोडी लाळ जमवली, आरारुटाच्या पातळ खळीत मिसळली आणि नळ्या अंगाइतक्या ऊन पाण्यात उभ्या केल्या. पांढऱ्या फरशीवर आयोडीनचे थेंब ओळीने मांडलेले. दर मिनिटाला मिश्रणाचा एक थेंब आयोडीनच्या एका थेंबावर सोडायचा. पिष्ट शिल्लक आहे तोवर तो काळानिळा होणार. ज्या मिनिटाला निळा होणार नाही, ते मिनिट लिहायचे.

मुले लिहू लागली. चार, चार, चार. दुसऱ्या रांगेत एक दोन वेण्यांची मुलगी मात्र अजून थेंब सोडत होती. अकराव्या थेंबाला तिचा निळा रंग गेला. तिने वहीत 11 लिहिले, इकडेतिकडे पाहिले, आणि रबर काढून 11 चे 4 केले.

बाई तिच्या मागेच उभ्या होत्या. "काय गं, खोडलंस का?"

"मॅडम, सगळ्यांचं चारच आलंय."

"तुझं किती आलं होतं?"

"अकरा. पण वेगळं आलं की शाळेत 'प्रयोग चुकला' असं लाल शाईनं लिहितात. मार्क जातात."

बाई रागावल्या नाहीत. "पुन्हा कर बघू," एवढेच म्हणाल्या. मुलीने नवी नळी घेतली. सारा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. या खेपेस बारा मिनिटे लागली. बाईंनी फळ्यावर 11 आणि 12 हे दोन्ही आकडे लिहिले, आणि खडू हातात तसाच धरून वर्गाकडे पाहत राहिल्या. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, माझं खरं तर सहा होतं." दुसऱ्याचे तीन निघाले. एकाने तर चार हा आकडा पत्रक वाचतानाच लिहून ठेवला होता. फळा बघता बघता भरला.

मग बाईंनी सांगितले, की लाळेतला हा विकर सर्वांच्या तोंडी सारखा नसतो. त्याची आज्ञा वाहणाऱ्या जनुकाच्या प्रती कोणाजवळ दोनच असतात, तर कोणाजवळ दहाच्याही वर. आणि ज्या समाजांच्या आहारात पिष्ट अधिक, त्यांच्यात त्या सरासरीने अधिक सापडतात, असे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मुलीचा चेहरा उजळला तोच बाईंनी बजावले, "पण तुझं कारण हेच, असं एका नळीवरून ठरत नाही हं. लाळेत पाणी जास्त असेल, खळ दाट असेल. ते शोधायला आणखी नळ्या लागतील." मला हे फार आवडले. आमच्या समीक्षकांत इतका संयम मी क्वचितच पाहिला आहे.

त्यांनी मुलांना एडुअर्ड बुखनरची गोष्टही सांगितली. 1896 साली हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढत होता. रस टिकावा म्हणून त्याने त्यात भरपूर साखर घातली. आपण मोरांबा टिकवतो, त्याच हिशेबाने. रस टिकण्याऐवजी त्यातून बुडबुडे येऊ लागले. साखर आंबत होती, आणि रसात जिवंत पेशी तर उरल्या नव्हत्या! आंबण्याला जिवंत पेशीच हवी, हे पाश्चरचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. बुखनरला 'रस नासला' असे लिहून मोकळे होता आले असते. त्याने बुडबुड्यांचा पिच्छा पुरवला, 1897 साली निबंध प्रसिद्ध केला, आणि 1907 साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जाताना त्या मुलीने बाईंपुढे वही धरली. 4 खोडून 11 आणि 12 लिहिले होते. बाईंनी खाली सही केली, आणि शाळेत कोणी विचारले तर दाखवायला स्वतंत्र चिठ्ठीही दिली. त्या चिठ्ठीचे तिकडे काय स्वागत झाले, ते आमच्यापर्यंत आलेले नाही.

वाचकहो, सुट्टीत घरी कंटाळलेली मुले असतील तर जखमा धुवायचे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळते. बटाटे घरात असतातच. एक कच्चा घ्या, एक उकडलेला. कोणीतरी मोठ्याने जवळ बसावे, आणि डोळ्यांना, कपड्यांना जपावे. उकडलेल्याभोवती दोन-चार फुगे दिसलेच, तर तेही लिहून ठेवायला सांगा. बहुधा बटाटा मध्ये कच्चा राहिलेला असतो.