नवी बॅटरी : आधीं चार्जिंग, मग जोडणी

पेरणीपूर्वीं बियाण्याची उगवण पाहावी, हें आतां कोणत्याहि शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. पिशवी मोहोरबंद असो, तिच्यावर खूणचिठ्ठी असो, शहाणा शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवतो, किती उगवले तें मोजतो, आणि मगच तें बीं शेतांत टाकतो. बीं नवें आहे एवढ्यावर तो विसंबत नाहीं. परंतु तोच शेतकरी ट्रॅक्टरची, किंवा शहरांत राहणारा त्याचा मुलगा मोटारीची, नवी बॅटरी घ्यावयास जातो, तेव्हां खोक्याचा नवेपणा पाहूनच समाधान पावतो. दुकानदार जुनी काढतो, नवी बसवतो, गाडी सुरू होते, पैसे दिले जातात, आणि व्यवहार पुरा झाला असें उभयतां समजतात. माझें म्हणणें असें कीं, हा व्यवहार अपुरा आहे. नवी बॅटरी म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी नव्हे. ती आधीं मोजावी, कमी भरल्यास बाहेरच पूर्ण चार्ज करावी, आणि मग गाडीस जोडावी.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों व सध्यां नवी मुंबईंत सीवूड्स येथें राहतों. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, त्यापूर्वीं करावे, दारावे हीं आमच्या आसपासचीं गांवें भातशेती व खाडीची मासेमारी यांवर जगत होतीं. आज त्याच भूमीवर उंच इमारती आहेत आणि त्यांच्या तळमजल्यांवर मोटारींच्या रांगा आहेत. शहर व शेत यांचे प्रश्न निराळे खरे, तथापि बॅटरीच्या बाबतींत दोघांचें दुखणें एकच आहे. सीवूड्समधील मोटार आठवडाभर जागची हालत नाहीं. पनवेल, उरण, पेणकडील ट्रॅक्टर भाताचा हंगाम सरला कीं महिनेमहिने पडवींत उभा असतो. म्हणून येथें पाहिलेली गोष्ट आपल्या मासिकाच्या वाचकांसहि उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. शिसें आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं सिद्ध केली. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारीस विजेचा स्टार्टर बसला, आणि तेव्हांपासून हँडल मारून गाडी सुरू करण्याचे दिवस हळूहळू मागें पडले. आज बॅटरी नसेल तर गाडी म्हणजे नुसतें लोखंड. हिच्या पोटांत शिशाच्या प्लेटा असून त्या सौम्य केलेल्या ॲसिडांत बुडलेल्या असतात. वीज खर्च होते तेव्हां दोन्ही प्लेटांवर शिशाचें सल्फेट सांचतें. उलट वीज आंत सोडली कीं तें सल्फेट विरघळून प्लेटा पूर्ववत् होतात. यालाच आपण चार्ज करणें म्हणतों.

आतां मुख्य मुद्दा. ही बॅटरी कांहीं काम न करतां, नुसती फळीवर ठेवली तरी हळूहळू उतरत जाते. हल्लींच्या कॅल्शियम जातीच्या बॅटऱ्या साधारण २५ अंश सेल्सिअस उष्णतेंत महिन्यास ३ ते ५ टक्के उतरतात. जुन्या अँटिमनी जातीच्या त्याहून जलद. उष्णता १० अंशांनीं वाढली कीं हा वेग जवळ जवळ दुप्पट होतो. पत्र्याच्या गोदामांत, वैशाखांत, सहा महिने पडून राहिलेल्या बॅटरीची काय स्थिति होत असेल, याचा हिशेब वाचकांनींच करावा. एवढ्यावरहि थांबत नाहीं. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवरील सल्फेटाचे कण मोठे व कठीण होतात, आणि मग पुढें कितीहि चार्ज केली तरी ते पूर्णपणें विरघळत नाहींत. तेवढी बॅटरीची शक्ति कायमची गेली. म्हणजे जो माल आपण नवा म्हणून घेतों, त्याच्या आयुष्याचा कांहीं भाग दुकानांतच संपलेला असूं शकतो.

हें ओळखणें कठीण नाहीं. बॅटरीवर तयार केल्याचा महिना व वर्ष छापलेलें किंवा सांकेतिक अंकांनीं कोरलेलें असतें. तें दुकानदाराकडून वाचून घ्यावें. नंतर मीटर लावावा. कांहीं तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडें अधिक दाखवील, तर ती भरलेली समजावी. १२.४ म्हणजे सुमारें पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे पाव हिश्शाहून फारशी नव्हे. या आकड्यांतलें अंतर दिसावयास किती लहान! एका व्होल्टाच्या आंतच भरलेली व रिकामी यांचा निवाडा होतो. म्हणून दिवा लागला, भोंगा वाजला, ही परीक्षा नव्हे. चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा आंकडाहि खरा धरूं नये. तो कांहीं काळ फुगलेला असतो.

यावर दुकानदारांचें नेहमींचें उत्तर असें : “साहेब, गाडी चालवा, आपोआप चार्ज होईल.” हें उत्तर अगदींच खोटें नाहीं, पण अर्धेंच खरें आहे. गाडींतला अल्टरनेटर सुमारें १४ व्होल्टांनीं बॅटरीस वीज पुरवतो हें खरें. परंतु त्याचें काम मुख्यतः खर्चलेलें भरून काढण्याचें. रिकामी बॅटरी तळापासून भरण्याचें नव्हे. सीवूड्सहून नेरूळचा बाजार, बेलापूरचें कार्यालय, मुलांची शाळा, अशा दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांत, त्यांतहि पावसाळ्यांत दिवे, पंखा व वायपर चालू असतांना, बॅटरीच्या वांट्यास काय येणार? ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल तर साडेसतरा ॲम्पिअर-तास भरावयाचे राहतात. साडेतीन ॲम्पिअरच्या चार्जरवर त्यास हिशेबानें पांच तास लागतात, आणि वाटेंतील घट धरतां सहा ते आठ. एवढी भरती लहान फेऱ्यांनीं होत नाहीं. उलट रिकाम्या बॅटरीचा भार अल्टरनेटरवर पडून तोहि तापतो.

आमच्या इमारतींतील एका गृहस्थांची गोष्ट सांगतों. त्यांनीं मे महिन्यांत नवी बॅटरी बसवून घेतली. गाडी त्या दिवशीं सुरू झाली. जून लागला, पाऊस धरला, आणि तिसऱ्या आठवड्यांत एका पहांटे गाडी मुकी. दुकानदाराकडे गेले, तर तो म्हणाला, दोष तुमच्या गाडीच्या वायरिंगचा. गॅरेजवाला म्हणाला, वायरिंग ठीक आहे, बॅटरी उतरलेली आहे. बॅटरीवरील अंक वाचून घेतले तेव्हां ती विक्रीपूर्वीं दहा महिने जुनी असल्याचें निघालें. पण बसवतांना मोजणी झालेली नव्हती, बिलावर तशी नोंद नव्हती. मग ती दुकानांतच उतरलेली होती कीं गाडींत उतरली, याचा निवाडा कोणी करावा? हमीचा कागद हातांत असून दोन महिने हेलपाटे पडले. महसुलांत आम्ही एक नियम पाळत असूं : मोजणीवांचून ताबा नाहीं, व नोंदीवांचून मोजणी नाहीं. बॅटरीच्या दुकानांतहि हाच नियम लागू करावा.

शेतकऱ्याचें नुकसान याहून मोठें. शहरांतला माणूस रिक्षा करून जाईल. पण रोपें लावणीस आलीं, खाचरांत पाणी उभें आहे, चिखलणीस ट्रॅक्टर काढावा तर स्टार्टर नुसता कुरकुरतो, अशा वेळीं गेलेला दिवस कोणता दुकानदार भरून देणार? म्हणून बॅटरी घ्यावयाची तर मृगाच्या तोंडावर धांवाधांव करून घेऊं नये. पंधरा दिवस आधीं आणावी, म्हणजे एक रात्र चार्जिंगला देण्यास सवड राहते.

चार्जिंग स्वतः करणें असेल तर कांहीं पथ्यें पाळावींत. चार्जरचा प्रवाह बॅटरीच्या ॲम्पिअर-तासांच्या एक दशांशाच्या आसपास असावा. जागा मोकळ्या हवेची असावी, कारण चार्ज होतांना हायड्रोजन वायु निघतो व ठिणगीनें तो भडकतो. बिडीकाडी, चूल दूर. चिमटे लावून मग चार्जर चालू करावा, आणि बंद करून मग चिमटे काढावेत. गाडींतून बॅटरी सोडतांना आधीं ऋण टोंक सोडावें, जोडतांना तें शेवटीं जोडावें. कोरडी आणून ॲसिड भरावयाची बॅटरी असेल, तर ॲसिड प्लेटांत मुरूं द्यावें व निर्मात्याच्या कागदांत सांगितलें असेल त्याप्रमाणें पहिलें चार्जिंग पुरें करावें. ज्यास हें जमणार नाहीं, किंवा हमीविषयीं शंका येईल, त्यानें दुकानदाराकडूनच चार्ज करून घ्यावी. तो त्याचा धंदाच आहे.

याच न्यायानें जुनी बॅटरी टाकण्यापूर्वीं तीहि एकदां पूर्ण चार्ज करून पाहावी. पुष्कळदां ती मेलेली नसते, केवळ उपाशी असते. खरोखरच निकामी झाली, तर ती भंगारवाल्याकडे फोडण्यास न देतां दुकानांत परत द्यावी. शिसें विषारी आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

सर्वच दुकानदारांस मी दोष देत नाहीं. पुष्कळजण ताजा माल ठेवतात, आणि ताज्या, भरलेल्या बॅटरीस पुन्हां चार्ज करण्याची गरजहि नसते. माझा आग्रह मोजण्याचा आहे. चार्जिंग त्यावरून ठरेल. गिऱ्हाइकानें मागितलें नाहीं तर कोणीहि मीटर काढणार नाहीं, हा बाजाराचा स्वभाव आहे. तेव्हां प्रत्येक सभासदानें बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्या : बॅटरी तयार झाल्याची तारीख, बसवतेवेळचे व्होल्ट, आणि चार्ज करून दिली असल्यास तशी नोंद. आपल्या संघाच्या चालकांसहि विनंति आहे कीं, खतें व अवजारें यांच्याबरोबरच एक चांगला चार्जर, एक मीटर व एक हायड्रोमीटर कार्यालयांत ठेवावा, आणि अल्प आकार घेऊन सभासदांच्या बॅटऱ्या हंगामापूर्वीं तपासून द्याव्या. खर्च एकदांचा आहे. त्यांतून चिखलणीचा एक दिवस जरी वांचला, तरी तो वसूल झाला असें मी समजेन.