साचा एक, पत्रे हजार!

रस्त्यावरच्या काही नव्या मोटारींवर अष्टकोनी चौकटीत ‘एम’ आणि ‘जी’ ही दोन अक्षरं तुम्ही पाहिली असतील. ही अक्षरं मूळची इंग्लंडमधली, ‘मॉरिस गॅरेजेस’ या नावाची. याच नावाखाली १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डन गावात ‘एमजीबी’ नावाची दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार तयार होत असे. अशा पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. हौशी माणसं त्या आजही जिवापाड जपतात.

पण या गाडीचा एक मोठा शत्रू आहे. ओळखा पाहू कोण? गंज! इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी गाडीच्या खाली उडतं, खाचाखोचांत शिरतं आणि पत्रा आतून पोखरून टाकतं.

मग त्यात काय एवढं? नवा पत्रा आणायचा आणि बसवायचा! पण खरी गंमत इथेच आहे. नवाकोरा पत्रा लावावा, तर दार लागत नाही आणि बॉनेट एका बाजूनं उचललेलंच राहतं. असं का होतं बरं?

आई मोदकाच्या साच्यातून मोदक काढते, तेव्हा सगळे मोदक सारखे दिसतात. मोटारीचा पत्राही असाच साच्यात घडतो. पोलादाचे दोन अवजड साचे, मधे सपाट पत्रा आणि वरून प्रचंड दाब! मात्र पोलाद लवचीक असतं. दाब काढला की पत्रा किंचित मागे येतो. म्हणून साचा करणारा कारागीर वळण आधीच थोडं जास्त ठेवतो.

आता समजा, एखाद्यानं जुना पत्रा समोर ठेवून त्याबरहुकूम नवा साचा केला. तो जुना पत्रा कुठे वाकलेला, कुठे चेपलेला. ते सगळे दोष नव्या साच्यात उतरले. शिवाय पत्रा मागे येण्याचा हिशोब चुकला, तर आणखी फरक! दिसायला पत्रा हुबेहूब, पण बसायला नाखूश.

म्हणूनच मूळ साच्यांना सोन्याचं मोल असतं. एमजीबी बंद होऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हा, १९८८ साली, ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ने मूळ साचे वापरून या गाडीची अख्खी बॉडी पुन्हा बनवायला सुरुवात केली. पुढे १९९२ मध्ये रोव्हर कंपनीनं याच बॉडीत फेरफार करून ‘एमजी आरव्ही ८’ ही नवी गाडी काढली. ते साचे भंगारात वितळले असते, तर?

म्हणजे मूळ साच्यातला पत्रा मिळाला की काम फत्ते? छे! जुनी गाडीही इतक्या वर्षांत थोडी वाकलेली असते. एमजीबीला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी चौकट, नाही. पत्र्याची पेटीच सगळा भार पेलते. दाराखालचा लांब, पोकळ भाग म्हणजे सिल. गाडीचा उंबराच म्हणा ना! आधार न देता तो कापला, तर गाडी मधोमध खचते आणि दाराची चौकट आखडते.

म्हणून जाणता कारागीर आधी दाराच्या चौकटीत आडवा टेकू पक्का करतो. मग नवा सिल चिमट्यांनी नुसता धरून ठेवतो आणि दार लावून पाहतो. पुढचं मडगार्ड नटबोल्टनं बसतं. ते सरकवून दाराशी जुळवायचं, त्यानंतर बॉनेट. सगळीकडची फट सारखी आली की मगच वेल्डिंग. रंगाची घाई तर मुळीच नाही!

काही जण मात्र फट पुट्टीनं बुजवतात आणि वर चकाचक रंग मारतात. गाडी दिसते झकास. पण पुट्टी भार पेलत नाही, बरं का! धडक बसली की आतल्या माणसांचं रक्षण करायचं ते मजबूत पत्र्याने. तोच कच्चा राहिला, तर रंग काय कामाचा?

करून पहा : एका कागदावर चांदणी काढा. पातळ कागद ठेवून ती गिरवा. आता गिरवलेल्या चांदणीवरून दुसरी गिरवा, दुसरीवरून तिसरी. अशा दहा काढा. मग आणखी एक चांदणी थेट पहिलीवरून गिरवा. ही चांदणी आणि दहावी चांदणी आळीपाळीनं पहिलीवर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात धरा. कोणती नेमकी बसली? आई-बाबांनाही दाखवा आणि असं का झालं, ते तुम्हीच त्यांना समजावून सांगा!