आईला सांगायचे की नाही?

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. त्यामुळे बँकेचे पत्र असो की फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची सूचना, घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद शेवटी माझ्यापुढे येतो. गेल्या डिसेंबरात असाच एक कागद माझ्या हाती आला. अकोल्याच्या एका रुग्णालयात, जिन्याखाली उभे राहून मी तो वाचला. जेमतेम चार ओळींचा मजकूर. त्यातला एक शब्द मला ठाऊक होता, आणि तो एकच पुरेसा होता.

"काय लिवलं हाये?" वडिलांनी विचारले. मामाही माझ्या तोंडाकडे पाहत होते. आई समोरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी हळू आवाजात सांगितले. मामा लगेच म्हणाले, "ताईले यातलं काही सांगू नका. धसका घेईन ते." वडील काहीच बोलले नाहीत. मी आईजवळ गेले आणि म्हणाले, "काही नाही वं माय, साधी गाठ हाये. औषधानं बरी होईन."

कॉलेजात शिकणारी आमच्या घराण्यातली मी पहिली मुलगी. माझ्या शिक्षणाचा घराला पहिला मोठा उपयोग झाला तो असा. मी कागद वाचला आणि जिचा तो कागद होता तिलाच खोटे सांगितले.

वार्षिकांकात हुंडा, बेकारी, परीक्षापद्धती यांवर लेख येतात. ते यावेतच. परंतु हा प्रश्नही कमी महत्त्वाचा आहे असे मला वाटत नाही, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे.

आईला गाठ लागली होती ती पोळ्याच्या सुमारास. मला कळली दिवाळीत, तिच्या पाठीला तेल लावताना हात काखेजवळ गेला तेव्हा. तिने हात झटकला. फार खोदून विचारल्यावर म्हणाली, "दुखत नाही तं काहून सांगू? अन् बाप्या मानसाले काय सांगू?" वस्तुतः न दुखणे हीच या गाठीची लबाडी आहे. पुष्कळ वेळा ती सुरुवातीला दुखतच नाही, आणि आमच्याकडे तर दुखणे असह्य झाल्याखेरीज बाईमाणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. त्यात वेचणीचे दिवस. "कपाशी घरात येऊ दे, मंग पाहू," असे ती म्हणाली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवले, तर त्यांनी हात न लावताच दुधाची गाठ असेल असे सांगून गोळ्या दिल्या. धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे. आता कसली दुधाची गाठ? पण आम्हाला ते खरे वाटले, कारण ते खरे असावे अशीच आमची इच्छा होती. असे चार महिने गेले.

अकोल्याला गेलो त्या पहिल्या दिवशीची गोष्ट सांगते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचारले, "काय त्रास आहे?" आईने मान खाली घातली. मी म्हणाले, "छातीत गाठ आहे." त्या गर्दीत त्याला 'छातीत' एवढेच ऐकू गेले असावे. आम्हाला हृदयाच्या तपासणीच्या रांगेत पाठवण्यात आले. दोन तास तेथे उभे राहिल्यावर एका परिचारिकेने चूक ओळखली. चूक त्या माणसाची नव्हती. 'स्तन' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.

मराठीच्या तासाला आम्ही जुन्या काव्यातील स्त्रीसौंदर्याची वर्णने शिकतो. कलशाच्या उपमा येतात, सर अर्थ सांगतात, आम्ही मुले-मुली तो वहीत उतरवून घेतो आणि परीक्षेत लिहितो. तेथे कोणाला लाज वाटत नाही. मग तोच शब्द रोगाच्या रांगेत का जड व्हावा? काव्यात जो अवयव चालतो, त्याला गाठ झाली की तो अवयव नावाशिवायचा का होतो? याचा विचार निदान कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी करावा. भाषा हा आपला विषय आहे.

लाजेच्या जोडीला दुसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे पाप. गावात बातमी कळताच एक शेजारीण आईच्या देखत म्हणाली, "कोन्या जल्माचं असन बाई!" मला तेव्हा उत्तर सुचले नाही, ते येथे लिहिते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आपल्या अमरावती जिल्ह्यातले. यावलीला १९०९ साली जन्मले, मोझरीला त्यांनी गुरुकुंज उभारले, गावोगाव खंजिरी वाजवून लोकांना जागे केले. त्यांना कर्करोग झाला होता आणि त्याच आजाराने ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. दरवर्षी पुण्यतिथीला लाखो माणसे मोझरीला मौन श्रद्धांजली वाहायला जातात. ती शेजारीणही जाते. महाराजांचे कोणते पाप आड आले होते, असे विचारण्याची तिची छाती आहे काय? मग शेतात राबणाऱ्या बाईलाच हा प्रश्न का? नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला महाराजांचे नाव दिलेले आहे. त्या नावाखालून आत जाणाऱ्या कोणाही स्त्रीने मान खाली घालण्याचे कारण नाही.

अर्थात हे दुःख आमच्या एका घरचे नाही. जागतिक पातळीवर जी मोजणी होते तिच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले, आणि त्याच वर्षी या रोगाने सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. आपल्या देशात मृत्यूचे प्रमाण इतके मोठे असण्याचे एक ठळक कारण म्हणजे स्त्रिया उशिरा येतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ सालापासून वीस वर्षे वस्त्यांमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांचा रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण स्त्रियांत मृत्यूच्या संख्येत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण एवढ्या साध्या हाताने एवढे होत असेल, तर आपल्या माताभगिनी त्या हातापर्यंत का पोहोचत नाहीत? माझ्या मते याचे उत्तर पैशाइतकेच मौनातही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. रोग्याला सांगायचे की नाही?

मामांची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. त्यांचे बहिणीवर प्रेम आहे. खचलेले माणूस जेवत नाही, झोपत नाही, आणि उपचाराला तर अंगात ताकद लागते. शिवाय आमच्याकडे कर्करोग म्हणजे मरण असाच अर्थ रूढ आहे. तो शब्द उच्चारणे म्हणजे बाईला जिवंतपणी निरोप देणे, असे त्यांना वाटले असेल तर नवल नाही. परंतु त्यांचे म्हणणे खरे ठरायला एक गोष्ट आवश्यक आहे. न सांगितल्यामुळे रोग्याला खरोखरच काही कळता कामा नये. तसे कधी होते काय?

आम्ही बारा दिवस लपवले. त्या बारा दिवसांत वडील आईशी नको तितके गोड बोलत होते. मी परीक्षा जवळ असताना अमरावतीला परत जात नव्हते. मावशी येऊन स्वयंपाकघरात रडून गेली. तेराव्या दिवशी रात्री आईने मला आंगणात बोलावले आणि म्हणाली, "बोंडावून मी अळी ओयखतो पोरी. वरून बोंड चांगलं दिसते, तरी ओयखतो. त्या दवाखान्याच्या पाटीवर काय लिवलं होतं, ते मले वाचता येत नाही काय? चौथी पास हावो मी." ती पाटी तिने पहिल्याच दिवशी वाचली होती. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून तीच आमच्यापासून लपवत होती. म्हणजे एका घरातली चार माणसे एकच गोष्ट जाणून होती, आणि प्रत्येक जण ती एकट्याने वाहत होता.

त्या रात्री मी तिला सगळा कागद वाचून दाखवला. ती रडली, मीही रडले. मग तिने जे विचारले त्याची मला अपेक्षा नव्हती. तिने विचारले, "मंग अजून औषध काहून सुरू केलं नाही?"

निदान झाल्यावर आणि उपचार सुरू होण्याआधी जे दिवस जातात ते सर्वांत कठीण असतात. घरातील माणसे तपासण्यांच्या धावपळीत असतात. जिला रोग झाला ती नुसती वाट पाहत बसते. तिला जर काही सांगितलेलेच नसेल, तर तिने वाट कशाची पाहायची? मी डॉक्टरांना विचारून, वाचून, तिला एकेक गोष्ट समजावून दिली. गाठीचा तुकडा पुन्हा तपासायला गेला आहे, कारण ती गाठ शरीरातील संप्रेरकांवर पोसली जाते काय हे पाहायचे असते. तसे असेल तर पुढे काही वर्षे गोळी घेऊन तिला आळा घालता येतो. हृदयाची तपासणी झाली, कारण काही औषधांचा भार हृदयावर पडू शकतो. शरीराचे चित्र काढले, ते रोग अन्यत्र गेला आहे काय हे कळण्यासाठी. आधी शस्त्रक्रिया की आधी औषधे, हे या सगळ्यावरून ठरते. सुई लावल्याने किंवा लोखंड लागल्याने गाठ भडकते, ही समजूत खोटी आहे. हा रोग शिवल्याने होत नाही. आईचे ताट वेगळे काढण्याचे कारण नाही. आणि प्रत्येक वेळी संपूर्ण स्तन काढावाच लागतो असेही नाही. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर या शल्यविशारदाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८५ सालीच दाखवून दिले की, योग्य रोग्यांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी स्त्रिया तितक्याच जगतात. आईच्या बाबतीत काय होईल ते डॉक्टर ठरवतील. पण कशाकशाला नावे आहेत हे कळल्यापासून ती रात्री थोडी झोपू लागली.

खर्चाचेही तसेच. आई मनातल्या मनात शेत विकून मोकळी झाली होती. तिला कोणी सांगितलेच नव्हते की, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या रोगाचे उपचार होतात. ही योजना २०१२ साली राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. आमच्या शिधापत्रिकेवर आईचे नाव एक आणि आधारवर दुसरे, त्यामुळे चकरा माराव्या लागल्या. परंतु रुग्णालयातील आरोग्यमित्राने वाट दाखवली. मुंबईला जावे लागलेच, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणारे गोरगरीब रोगी व त्यांचे नातेवाईक तेथे राहतात. बाबाही आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. आपल्या पदवीच्या कागदावर ज्यांच्या विद्यापीठाचे नाव येणार, त्यांचेच छत परमुलखात आपल्या माणसांवर आहे, हे ऐकून आईने हात जोडले.

आमच्या घरावरून मी सर्वांना नियम लावत नाही. एखाद्या रोग्याला खरोखरच सर्व ऐकायचे नसेल. त्याचाही मान ठेवावा. पण ते त्याने ठरवावे, जिन्याखाली उभ्या असलेल्या आपण नव्हे. आणि सांगायचे म्हणजे कागद अंगावर फेकायचा नव्हे. जेवढे ती विचारील तेवढे, आणि जवळ बसून.

भेटायला येणाऱ्यांनाही एक विनंती. कोणाची नणंद याच रोगाने कशी गेली, हे आजारी बाईला सांगू नका. झाडपाल्याचे औषध देऊन उपचार लांबवू नका. येथे थोडक्या आठवड्यांच्या विलंबाचीही किंमत पडते. त्यापेक्षा एक वेळचा डबा द्या, एक दिवस गुरे सांभाळा. आमच्या शेजारच्या काकूंनी न बोलता दोन दिवस आमचा कापूस वेचून दिला. तसे दुसरे सांत्वन मी पाहिले नाही.

मैत्रिणींनो, आणि मित्रांनो तुम्हीही, या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईला एकदा विचारा. शब्द उच्चारून विचारा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कागद वाचणारे आपणच आहोत.

हे लिहीत असताना आईचे उपचार सुरू व्हायचे आहेत. पुढच्या सोमवारी बोलावले आहे. डॉक्टरांना काय विचारायचे ते ती मला सांगते आणि मी वहीत लिहून घेते. आतापर्यंत सात प्रश्न झाले. पहिला, केस गेल्यावर परत येतात काय. सातवा, तूर सोंगून झाल्यावर आले तर चालेल काय. सातव्याचे उत्तर मात्र डॉक्टरांची वाट न पाहता मीच देऊन टाकले आहे.

— बी. ए. भाग २ ची एक विद्यार्थिनी