सिलिकॉनची चकती

तात्यापाऱ्यातील आमच्या नियतकालिकाच्या दफ्तरात अंकाची तजवीज करताना, छायाचित्रे आता फिल्मवर नव्हे तर सिलिकॉनच्या चकतीवर उमटतात, हे सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉयल आणि स्मिथ यांनी योजिलेली अशा चकतीची युक्ती, प्रकाशाने मुक्त केलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्म खळग्यांत साठवून, एकातून दुसऱ्यात असे रांगेने मोजणीच्या दाराशी नेते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेने सूर्याच्या अभ्यासासाठीच्या आदित्य-एल१ यानासाठी घडविलेल्या ‘सूट’ या अतिनील दुर्बिणीत अशा खळग्यांच्या ४०९६ रांगा आणि तितकेच स्तंभ आहेत. शिवाय, अतिनील किरण पुढील बाजूच्या विद्युदग्रांतच शोषले जाऊन व्यर्थ जाऊ नयेत, म्हणून ती चकती मागून पातळ केलेली व पाठीवरच प्रकाश घेणारी आहे. उपकरणरचनेत आपण भारतीय पारंगत, संवेदक-निर्मितीत मात्र अद्याप बव्हंशी परावलंबी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जाणकार वाचकांनी या विषयावर मजकूर अवश्य पाठवावा.