वांदर की टोळ?

शेतीचं नुकसान म्हटलं की आपल्या ऑफिसवाल्यांना आठवतो मे २०२०. लॉकडाऊन, आणि टीव्हीवर अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरलेली टोळधाड. सॉलिड फुटेज होतं, मान्य. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात निदान ४ कोटी टोळ, आणि एका दिवसाचं खाणं ३५ हजार माणसांइतकं!

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे माझ्या मामाचं शेत आहे. "मामा, टोळांची भीती वाटली का?" तर म्हणाला, "टोळ येते अन् जाते बापा. वांदराचं काय करतं?"

पॉइंट आहे. टोळ म्हणजे गर्दीत बिघडलेला नाकतोडाच. एकटा असला की गरीब; दाटीत मागच्या पायांना धक्के बसत राहिले की काही तासांत स्वभावच बदलतो. (लोकलवाल्यांना वेगळं सांगायला नको.) वाऱ्यावर दिवसाला १५० किलोमीटरही जातो, पण रात्री झाडावर बसतो, आणि तेव्हा फवारणी करता येते.

वानर मात्र कायमचं मुक्कामी. पोटात कप्पे असलेलं, पानं पचवणारं जनावर खरं. पण समोर तुरीच्या कोवळ्या शेंगा असताना सागाची पानं कोण चघळेल? त्यात ते मारुतीचं, शिवाय कायद्याचं संरक्षण. मामी गोफण उचलण्याआधी हात जोडते.

पंचनामा होतो तो नुकसानीचा. जंगलाकडच्या दोन एकरांत मामानं यंदा हरभरा पेरलाच नाही, तो कुठल्याच कागदावर येणार नाही.